लाकूड पोखरणारे भुंगेरे : टेहळणी आणि नोंद

पुणे जिल्ह्यातील कार्ले येथील चैत्यगृहात उभे राहून वर पाहिले, म्हणजे दगडी छताच्या कमानीला लावलेल्या लाकडी फासळ्या दृष्टीस पडतात. हे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरले गेले. त्या काळच्या सागवानी फासळ्यांपैकी बऱ्याच आजही जागच्या जागी आहेत. याउलट पांगाऱ्याच्या किंवा आंब्याच्या लाकडाची एखादी वस्तू तीन-चार पावसाळ्यांत आतून पोकळ होते आणि हाताच्या दाबासरशी चुरडते. वरून पाहणाऱ्यास तोपर्यंत काही बारीक छिद्रांपलीकडे फारसे काही दिसलेले नसते.

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक ठेव्याचा मोठा भाग लाकडात आहे. पुण्यातील विश्रामबाग वाड्याचे कोरीव दर्शनी काम, वाईजवळील मेणवली येथील नाना फडणविसांचा वाडा, राजा दिनकर केळकर संग्रहालयातील नक्षीदार दरवाजे व नित्य वापराच्या वस्तू ही सर्वपरिचित उदाहरणे होत. यांखेरीज कोकणातील ग्रामदेवतांच्या देवळांचे कोरीव सभामंडप, गावोगावच्या पालख्या, जव्हार भागातील बोहाड्याचे मुखवटे आणि पोथ्यांच्या लाकडी फळ्या यांची तर गणतीच नाही. यांतील फारच थोड्या वस्तू शासकीय संग्रहालयांत आहेत. उरलेला सारा ठेवा ग्रामस्थ, विश्वस्त, शिक्षक आणि पंचायती यांच्याच हाती आहे. म्हणून लाकूड पोखरणाऱ्या किडीवर नजर कशी ठेवावी, हे जाणून घेणे त्यांच्या दृष्टीने अगत्याचे ठरते.

घुणाक्षरे वाचण्याची कला

लाकूड खाणाऱ्या किड्याला मराठीत ‘घुण’ म्हणतात. घुणाने कोरलेल्या रेघांतून योगायोगाने एखाद्या अक्षराचा आकार उमटावा, तसे अकल्पित घडणाऱ्या गोष्टीला ‘घुणाक्षरन्याय’ असे शास्त्रकारांनी म्हटले. त्या रेघांना अर्थ नसतो, हे त्या न्यायाचे तात्पर्य. संग्रहरक्षकाला मात्र याच्या उलट मानावे लागते. छिद्राचा आकार, भुकटीचा पोत आणि छिद्रांची जागा यांतून कीड कोणती, ती जिवंत आहे की गेलेली, हे वाचता येते. मात्र हे वाचन एका भेटीत होत नाही. त्याला काळाची आणि नोंदीची जोड लागते.

याचे कारण या किडीच्या जीवनक्रमात आहे. ज्याला आपण घुण म्हणतो, ती बहुधा भुंगेऱ्याची अळी असते. मादी लाकडाच्या सूक्ष्म नळ्यांत किंवा भेगांत अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी आतल्या आत लाकूड खात कित्येक महिने, काही जातींत कित्येक वर्षे राहते. पुढे ती कोषात जाते आणि शेवटी भुंगेरा पृष्ठभाग फोडून बाहेर पडतो. आपल्याला दिसणारे छिद्र हे त्याच्या निर्गमनाचे दार होय. अर्थात छिद्र दिसते तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते. आत आणखी अळ्या आहेत की नाहीत, हे ते छिद्र सांगत नाही.

येथेच दोन प्रकारच्या चुका होतात. काही ठिकाणी जुनी छिद्रे पाहून ‘लाकूड गेले’ असे ठरविले जाते आणि शतकाहून जुना कोरीव खांब काढून त्याजागी सिमेंटचा खांब येतो. अन्य काही ठिकाणी ताजी भुकटी रोज झाडून टाकली जाते आणि ती कोठून येते याची चौकशी कोणी करीत नाही. पहिल्या चुकीत नसलेल्या किडीपायी ठेवा जातो, दुसरीत असलेल्या किडीमुळे. दोहोंवर उपाय एकच : नोंद.

कोणती कीड, कोणते लाकूड

उष्ण प्रदेशात सर्वाधिक आढळणारा भुंगेरा लिक्टस वर्गातील होय. तो तांबूस तपकिरी, चपटा व तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो. त्याची छिद्रे गोल, साधारणतः एक ते दोन मिलिमीटर व्यासाची असतात. भुकटी चाळलेल्या पिठासारखी किंवा तोंडाला लावण्याच्या पावडरीसारखी मऊ असते. लाकडातील पिष्टमय पदार्थ हे त्याच्या अळीचे अन्न असल्याने तो रुंद पानांच्या वृक्षांच्या बाहेरच्या पांढुरक्या लाकडात, म्हणजे रसकाष्ठातच राहतो. सागाच्या पक्क्या गाभ्यात त्याला अन्न नसते. गाभ्यातील नैसर्गिक द्रव्येही अनेक किडींना प्रतिकूल असतात. आंबा, सावर, पांगारा यांसारख्या पिष्टमय लाकडाचा मात्र तो फडशा पाडतो.

बांबूमध्ये डायनोडेरस नावाचे छोटे, दंडगोल भुंगेरे आढळतात. तेही पिष्टमय पदार्थांच्या मागे येतात. तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याच्या जुन्या रीतीमागे हेच तत्त्व आहे. पाण्यात हे पदार्थ बऱ्याच अंशी निघून जातात आणि किडीला आकर्षण उरत नाही. याच गटातील मोठे भुंगेरे तीन ते सहा मिलिमीटरची छिद्रे पाडतात. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांपैकी स्ट्रोमॅशियम बार्बाटम हा भारतातील एक उपद्रवी प्रकार होय. तो मुरलेल्या, कोरड्या लाकडावरही चालून येतो. त्याची अळी वर्षानुवर्षे आत राहू शकते आणि निर्गमनाचे छिद्र मोठे व लंबगोल असते.

भुंगेऱ्यांव्यतिरिक्त दोन कीटकांची ओळख येथे करून घेणे इष्ट आहे. जमिनीतून येणारी वाळवी मातीच्या नळ्या बांधते, त्यामुळे ती सहज ओळखता येते. समुद्रकिनाऱ्यालगतच्या भागात आढळणारी कोरड्या लाकडातील वाळवी मात्र मातीची नळी करीत नाही. तिच्या छिद्राखाली खसखशीसारखे, सहा कडांचे बारीक दाणे साचतात. दुसरा कीटक म्हणजे काळा भुंगा. हा भुंगेरा नव्हे, ती माशीच्या आकाराची नव्हे तर चांगली मोठी, एकेकटी राहणारी मधमाशीच होय. ती घरट्यासाठी वाशात सुमारे एक सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद, गोल भोक पाडते. कोरडे लाकूड भेदणारा आणि कमळाच्या कळीत अडकणारा ज्ञानेश्वरीतील भ्रमर तो हाच. प्रत्येक कीटकावरील उपाय निराळा असल्याने ही ओळख आधी पटावी लागते.

जुने लाकूड आणि नवी दुरुस्ती

लिक्टसच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लाकडातील पिष्टमय पदार्थ कालांतराने कमी होत जातात. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांच्या तुळईत लिक्टसची नवी लागण होणे सहसा संभवत नाही. तिच्या कडेच्या रसकाष्ठातील छिद्रे बहुधा इमारत नवी असतानाची असतात. म्हणून जुन्या वाड्यात पिठासारखी ताजी भुकटी दिसली, तर प्रथम अलीकडे बसविलेल्या फळ्या, पाचरा, प्लायवूड, बांबू, वेष्टनाची खोकी आणि नवी काचेची कपाटे तपासावीत. संग्रहालयात कीड पुष्कळदा वस्तूबरोबर नव्हे, तर वस्तू मांडण्यासाठी आणलेल्या स्वस्त लाकडाबरोबर येते.

मादी उघड्या नळ्यांत अंडी घालीत असल्याने रंग किंवा रोगण लावलेल्या पृष्ठभागावर तिला जागा मिळत नाही. यास्तव तपासणी वस्तूच्या दर्शनी बाजूची करून भागत नाही. मागील बाजू, तळ, सांधे, खाचा आणि भिंतीत गेलेली तुळईची टोके पाहावयास हवीत. पावसाचे पाणी झिरपते तेथे तर अधिकच लक्ष हवे. ओल्या लाकडात बुरशी येते व कित्येक किडींना ते लाकूड पचविणे सोपे जाते.

टेहळणीची पद्धत

टेहळणीसाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. विजेरी, भिंग, मऊ ब्रश, मोजपट्टी, पांढरा व काळा कागद, छायाचित्र घेण्याची सोय आणि एक नोंदवही एवढे साहित्य पुरते. काम पुढील क्रमाने करावे.

१. आराखडा : इमारतीचा साधा नकाशा काढून प्रत्येक खांब, तुळई, चौकट व वस्तू यांना क्रमांक द्यावा. क्रमांक वस्तूवर रंगाने किंवा खिळ्याने लिहू नये. तो नकाशावर लिहावा.

२. पहिली मोजणी : प्रत्येक घटकावरील छिद्रांचे मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे व संख्या लिहावी. छिद्रे असंख्य असल्यास एक हात लांबीचा भाग निश्चित करून तेवढ्यातीलच मोजावीत.

३. सफाई : मऊ ब्रशने सर्व जुनी भुकटी काढावी. हे अत्यंत महत्त्वाचे आहे. जुन्या बोगद्यांतील भुकटी दारे आपटल्याने, पावलांच्या धक्क्याने किंवा वाहनांच्या हादऱ्याने वर्षानुवर्षे गळत राहते. ती पाहून कीड जिवंत असल्याचा भ्रम होतो.

४. कागद : घटकाच्या खाली कागद पसरून त्यावर तारीख लिहावी. फिकी भुकटी काळ्या कागदावर उठून दिसते. साध्या, रंग वा सोनेरी मुलामा नसलेल्या तुळईवर छिद्रांच्या समूहावर पातळ कागद सौम्य खळीने चिकटविता येतो. भुंगेरा बाहेर पडला, तर तो कागदाला भोक पाडतो. याहून स्पष्ट पुरावा दुसरा नाही. रंगविलेल्या मुखवट्यावर, चित्रावर किंवा नक्षीवर मात्र काहीही चिकटवू नये.

५. सापळे आणि खिडक्या : अनेक भुंगेरे अंधार पडल्यावर उडतात व प्रकाशाकडे ओढले जातात. म्हणून खिडक्यांच्या तळाशी पडलेले मृत कीटक झाडून टाकण्यापूर्वी गोळा करावेत व तारखेसह बाटलीत ठेवावेत. चिकट सापळे भिंतीलगत, दारांजवळ ठेवता येतात. सापळा उपाय नव्हे, साक्षीदार होय. सापळ्यात काही सापडले नाही, तेवढ्याने कीड नाही असे सिद्ध होत नाही. युरोपातील फर्निचर भुंगेऱ्यासाठी तयार केलेले गंधसापळेही येथे उपयोगाचे नाहीत, कारण गंध जातीगणिक निराळा असतो.

६. हवामान : आर्द्रता व तापमान रोज ठराविक वेळी लिहावे. सांधे, तुळईची टोके व गळतीच्या जागा पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहाव्यात.

ताजेपणाची काही लक्षणे प्रथमदर्शनीही दिसतात. ताज्या छिद्राची कड धारदार व आतील लाकूड उजळ असते. जुन्या छिद्रात धूळ, कोळ्याचे जाळे किंवा रंग असतो. रंग छिद्राच्या आत उतरलेला असेल, तर छिद्र रंगकामाच्या आधीचे, हे उघड आहे. ताजी भुकटी फिकी व सुटी असते, जुनी मळकट व गठ्ठे झालेली. तथापि ही लक्षणे केवळ संशय देतात. निर्णय दुसऱ्या आणि तिसऱ्या मोजणीनेच व्हावा.

एक उदाहरण

समजा, एका गावच्या देवळात सभामंडपाच्या तिसऱ्या खांबावर फेब्रुवारी महिन्यात ४१ छिद्रे मोजली. त्याच दिवशी अलीकडे बदललेल्या एका फळीवर १८ मोजली. दोहोंची सफाई करून खाली कागद ठेवले. जूनच्या आरंभी खांबावर ४१ छिद्रेच आहेत आणि कागदावर किंचित मळकट भुकटी आहे. फळीवर मात्र २७ छिद्रे असून खाली पिठासारखा ढीग आहे. पुढील फेब्रुवारीत खांब ४१ वरच आहे.

पाहणाऱ्याला खांबच अधिक पोखरलेला वाटला असता. नोंदवही सांगते की खांबातील कीड बहुधा केव्हाच गेली आहे. जिवंत कीड फळीत आहे. फळी काढून दूर नेली व नष्ट केली की लागणीचे मूळ गेले. खांबाला हात लावण्याचे कारण नाही. त्याची ताकद अभियंत्याकडून तपासून घ्यावी आणि मोजणी आणखी दोन-तीन वर्षे चालू ठेवावी, कारण काही जातींच्या अळ्या तितका काळ आत राहू शकतात. गावाचा कोरीव खांब एका वहीने वाचविला, असेच म्हणावे लागेल.

वेस्टमिन्स्टर हॉलचा धडा

उशिरा लक्ष गेल्यास काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण लंडनचे आहे. वेस्टमिन्स्टर हॉलचे ओक लाकडाचे भव्य छत चौदाव्या शतकाच्या अखेरीस उभारले गेले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वास्तुतज्ज्ञ फ्रँक बेन्स यांनी त्याची बारकाईने पाहणी केली, तेव्हा डेथवॉच भुंगेऱ्याच्या अळ्यांनी प्रचंड तुळया आतून पोकळ केल्याचे उघडकीस आले. हा भुंगेरा जोडीदारास बोलावण्यासाठी लाकडावर डोके आपटून टकटक आवाज करतो. रुग्णाच्या उशाशी रात्री जागणाऱ्यांना तो ऐकू येई, म्हणून त्याला हे अशुभ नाव मिळाले. छताला पोलादी आधार देऊन दुरुस्ती पूर्ण करण्यास १९२३ साल उजाडले.

या किडीवर उपाय शोधण्यासाठी ज्यांचा सल्ला घेतला गेला, ते हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय त्यापूर्वी बिहारमधील पुसा येथे भारत सरकारचे कीटकशास्त्रज्ञ होते. भारतीय कीटकांवरील त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. कीटकनाशक वायूंचे प्रयोग करीत असताना विषबाधा होऊन १९२५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. जे द्रव्य किडीस मारते, ते माणसासही सोडत नाही. तज्ज्ञालाही ही किंमत मोजावी लागली, हे विषारी औषधाचा पंप हाती घेण्यापूर्वी प्रत्येकाने आठवावे.

उपाय : कीड सिद्ध झाल्यानंतरच

टेहळणीत कीड जिवंत असल्याचे सिद्ध झाले, तर प्रथम ती वस्तू वेगळी करावी. जाड प्लॅस्टिकच्या आवरणात बंद करून इतर वस्तूंपासून दूर ठेवावी. नव्याने आलेली प्रत्येक लाकडी वस्तू अशीच काही काळ निरीक्षणाखाली ठेवण्याची शिस्त असावी. गळती थांबविणे, हवा खेळती ठेवणे, भिंतीत गेलेली टोके कोरडी राखणे हे इमारतींसाठी पहिले उपाय होत.

ऑल्ड्रिन व लिंडेन ही पूर्वी लाकडासाठी सर्रास वापरली जाणारी कीटकनाशके आज भारतात प्रतिबंधित आहेत. कोठाराच्या कोपऱ्यात जुने डबे असतील, तर ते वापरू नयेत. आज संग्रहालयांत विषाऐवजी भौतिक उपायांकडे कल आहे. वस्तू हवाबंद आवरणात ठेवून प्राणवायूचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली काही आठवडे राखणे, योग्य वस्तू उणे ३० अंश सेल्सिअसला किमान तीन दिवस गोठविणे, किंवा आर्द्रता नियंत्रित ठेवून सुमारे ५५ अंशांपर्यंत तापविणे, अशा त्या रीती होत. रंगविलेल्या, जोडलेल्या वा हस्तिदंत जडविलेल्या वस्तूंना थंडी-उष्णता अपायकारक ठरू शकते. म्हणून हे काम प्रशिक्षित संवर्धकानेच करावे. सांस्कृतिक संपत्तीच्या जतनासाठी १९७६ मध्ये लखनौ येथे राष्ट्रीय प्रयोगशाळा स्थापन झाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही कलासंवर्धन केंद्र आहे.

पंचायत, शाळा आणि कायदा

वास्तू संरक्षित आहे काय, हे दुरुस्तीपूर्वी पाहणे आवश्यक आहे. राज्य संरक्षित स्मारकांना महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आणि केंद्र संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा लागू होतो. अशा वास्तूंत परवानगीवाचून खांब बदलणे, रंग देणे किंवा औषध फवारणे योग्य नव्हे. असंरक्षित वास्तूंच्या बाबतीत जबाबदारी सर्वस्वी गावाची असते आणि म्हणूनच ती अधिक मोठी असते.

पंचायतीला याबाबत तीन गोष्टी सहज करता येतील. गावातील जुन्या लाकडी वास्तू व वस्तूंची यादी करणे, वर्षातून दोन वेळा, उन्हाळ्याच्या आरंभी आणि पावसाळ्याच्या तोंडावर, मोजणी ठेवणे आणि नव्या दुरुस्तीसाठी रसकाष्ठ नसलेले, मुरलेले लाकूड घेण्याचा आग्रह धरणे. वद्य पक्षात लाकूड तोडावे असे जुने सुतार सांगत. तिथी कोणतीही असो, लाकूड पक्के, कोरडे आणि पांढऱ्या कडांविना आहे, एवढे खरेदीच्या वेळी पाहिले तरी निम्मे काम होते. शाळेतील मुलांना भिंग व काळा कागद देऊन शिक्षकांच्या देखरेखीखाली मोजणीत सहभागी करून घेता येईल. औषधांपासून मात्र त्यांना कटाक्षाने दूर ठेवावे.

ज्या कारागिरांनी हे खांब कोरले, त्यांपैकी बहुतेकांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. त्यांच्या हातची अक्षरे तेवढी लाकडावर उरली आहेत. ती पुसून त्यांच्या जागी घुणाची अक्षरे उमटू द्यावयाची नसतील, तर गावच्या दप्तरात आणखी एका वहीची भर घालावी. तिच्यावर पहिली तारीख घालण्यास येत्या उन्हाळ्याचा आरंभ हा योग्य मुहूर्त ठरेल.